तांबीच्या गोळ्या

पावसाळा सरता सरता आमच्या तांबी कुत्रीनं जेवण सोडलं. आधी भाकरी टाकली, मग दूधभात. शेवटी आण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हातानं दिलेला मटणाचा तुकडाही नुसता हुंगून तिनं तोंड फिरवलं, तेव्हा आम्ही तिला गाडीत घातलं आणि शिरवळ गाठलं. भोरहून शिरवळ काही लांब नाही, आणि क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथे असल्यामुळे जनावराच्या दुखण्यासाठी तो रस्ता आमच्याकडे बऱ्याच जणांच्या पायाखालचा आहे.

ताप 104 निघाला. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच आपल्यापेक्षा जास्त असतं, साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट. त्यामुळे नुसता हात लावून ताप कळत नाही, थर्मामीटरच लावावा लागतो. डॉक्टर मॅडमनी तिचा वरचा ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, त्या फिकट पडल्या होत्या. पोटावर जिथे केस विरळ असतात तिथे बारीक लाल टिपके होते. कानाची पाळी उलटली तर आतल्या घडीत दोन गोचीड चिकटलेले. रक्त तपासलं, प्लेटलेट्स 42,000. निरोगी कुत्र्यात त्या दोन ते पाच लाखांच्या घरात असतात. गोचीडतापच होता.

हा ताप एर्लिकिया कॅनिस नावाच्या जिवाणूमुळे होतो. तपकिरी गोचीड रक्त पिताना तो कुत्र्याच्या शरीरात सोडतो आणि मग तो पांढऱ्या पेशींमध्ये ठाण मांडतो. त्यावरचं औषध म्हणजे डॉक्सीसायक्लिन. वजनाच्या दर किलोला दिवसाला 10 मिलिग्रॅम या हिशेबानं तांबीला, म्हणजे जवळपास 20 किलोच्या कुत्रीला, सकाळ-संध्याकाळ 100 मिलिग्रॅमची एकेक गोळी, आणि ती सलग 28 दिवस. औषध महाग नाही, सहज मिळतं, आणि लागू पडलं की बहुतेक कुत्र्यांत दोन-तीन दिवसांत फरक दिसू लागतो. खरी परीक्षा असते ती गोळी रोज दोनदा पोटात पोचवण्याची.

मॅडमनी निघताना मला थांबवून सांगितलं, "ताई, एक लक्षात ठेवा. दूध, दही, पनीर, चीज, पेढा, यातल्या कशातही ही गोळी द्यायची नाही. आणि कोरडी तर अजिबात नाही."

हे दोन्ही मी इथे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण कुत्र्याला गोळी कशी द्यायची असं कुणालाही विचारलं की पहिलं उत्तर येतं पनीर, नाहीतर पेढा. एरवी ते चालतंही. पण डॉक्सीसायक्लिन दुधातल्या कॅल्शियमला बांधलं जातं आणि मग औषध रक्तात कमी उतरतं. लोहाचंही तसंच, म्हणून रक्तवाढीचं टॉनिक गोळीपासून दोन-तीन तास लांब द्यायला सांगितलं होतं. आणि कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम करू शकते. मांजरांमध्ये या औषधानं अन्ननलिका आकसून गेल्याचीही उदाहरणं आहेत. त्यामुळे गोळीच्या मागे पाणी किंवा खाणं जायलाच हवं. आमच्या घरी तांबीचं रात्रीचं जेवण म्हणजे दूध-भाकरी. तेही बदलून कोंबडीच्या उकडीचं पाणी आणि भात असं केलं. त्यात कांदा, लसूण, मसाला काही नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि इथे तर रक्ताचंच दुखणं होतं.

सुरुवातीचे दिवस ती काही खातच नव्हती, म्हणजे खाण्यात लपवून देणं हा पर्यायच नव्हता. थेट तोंडात गोळी घालायला शिकणं भाग होतं. मॅडमनी तिथेच टेबलावर एकदा करून दाखवलं आणि मग माझ्याकडून करून घेतलं. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, कारण ही गोष्ट ऐकून डोक्यात शिरते पण हाताला यायला प्रत्यक्षच करावी लागते.

कुत्र्याच्या समोर उभं राहून वाकायचं नाही, ते त्याला अंगावर आल्यासारखं वाटतं. बाजूला, त्याच्या खांद्याला आपला खांदा लागेल असं बसायचं. डावा हात वरून नाकाडावर ठेवायचा, अंगठा एका बाजूच्या सुळ्याच्या मागे आणि बोटं दुसऱ्या बाजूच्या. सुळ्यामागे दातांमध्ये थोडी मोकळी जागा असते, तिथे हलका दाब दिला आणि नाक किंचित वर केलं की खालचा जबडा आपोआप सैल पडतो. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत गोळी, आणि मधल्या बोटानं खालचे पुढचे बारीक दात खाली दाबायचे. जीभ मागे जाता जाता जिथे उंच होते त्याच्या पलीकडे, बरोबर मधोमध गोळी सोडायची. ती जरा जरी बाजूला पडली तरी गालात सरकते आणि थोड्या वेळानं बाहेर येते. मग तोंड मिटून धरायचं, नाक लगेच सरळ करायचं आणि गळ्यावरून वरून खाली हात फिरवायचा. कुत्र्यानं जिभेनं स्वतःचं नाक चाटलं की गोळी गिळली असं समजायचं. त्यानंतर लगेच सुई काढलेल्या सिरिंजनं 5 मिलिलिटर पाणी, तेही गाल आणि दात यांच्या फटीतून, थेंब थेंब. घशात पिचकारी मारली तर पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं.

घरी मी पहिल्यांदा दिली तेव्हा आण्णा पडवीत शेजारी बसून होते. त्यांनी आयुष्यभर बैल सांभाळलेत, बांबूच्या नळीनं औषधं पाजलीत. ते एवढंच म्हणाले, "मान लई वर नको करू गं पोरी. ठसका बसंल." बैलाला औषध पाजताना मान फार उंच झाली तर ते फुप्फुसात उतरतं आणि बैल न्यूमोनियानं जातो, हे त्यांनी पाहिलेलं होतं. मॅडमनी सांगितलं तेच आण्णा सांगत होते, म्हणून माझा हात आणखी सावध झाला.

आजारी असताना तांबीनं फार विरोध केला नाही, अंगात त्राणच नव्हतं. ताप उतरला, ती उठून परसात गेली, कोपऱ्यातल्या नारळाखाली जाऊन भुंकली, आणि आम्हाला काय आनंद झाला ते सांगता येत नाही. पण त्याच दिवसापासून गोळीला नकार सुरू झाला. दात घट्ट मिटायचे, मान झटकायची. एका संध्याकाळी तिनं गोळी दाढेखाली फोडली आणि तोंडाला फेस आला. आतून ही गोळी फार कडू असते. तो फेस विषबाधेचा नसतो, कडू चवीनं सुटलेली लाळ असते, हे माहीत असूनही पाहवत नाही. पाणी पाजलं, तोंड पुसलं. त्यानंतर मला पाहिलं की ती दिवाणाखाली जाऊन बसू लागली.

तेव्हा मी ठरवलं की आता भूक परतली आहे तर जबडा उघडायचं थांबवायचं. ती पद्धत येणं गरजेचं आहे आणि वेळ आली तर तीच कामी येते. पण 28 दिवस सकाळ-संध्याकाळ असं केलं तर औषध पोटात जाईल आणि कुत्री माणसांपासून तुटेल.

पहिल्यांदा चपातीत गुंडाळून दिली. चपाती खाल्ली गेली आणि गोळी चाटून-पुसून स्वच्छ होऊन पायपुसण्यावर पडलेली मिळाली. भातात कालवली तर भात संपला आणि ताटलीच्या कडेला गोळी राहिली. शेजारच्या वहिनींनी सांगितलं की कुटून जेवणात घाला. मी मॅडमना फोन करून विचारलं तर त्या नको म्हणाल्या. कडू चव सगळ्या अन्नात उतरते, कुत्रं अर्धं टाकतं, आणि मग किती औषध गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय काही गोळ्यांवर मुद्दाम आवरण असतं, त्या फोडायच्याच नसतात.

मग मी दोन-तीन वेळा गोळी द्यायच्या आधी तांबीकडे नीट पाहिलं. जे दिसलं त्यानं माझा विचारच बदलला. गोळी अजून पाकिटातसुद्धा असायची आणि तिचे कान मागे गेलेले असायचे. ती ओठ चाटायची, जांभया द्यायची. कुत्रं घाबरलं की हे करतं. पाकिटाचा कर्रकन आवाज, त्याच वेळी मुलीनं परसदार लावून घेणं, मी ओट्यापाशी पाठ करून उभी राहणं, आणि मग "ये गं माझं बाळ" अशी हाक. एरवी मी तिला कधीही बाळ म्हणत नाही. "तांबे, चल" एवढंच म्हणते. त्या एका हाकेनं तिला सगळं कळत होतं. तिचा नकार गोळीच्या चवीच्या कितीतरी आधी, आमच्या तयारीलाच होता. पनीर-चीज-कलेजी असल्या युक्त्या सांगणारे पुष्कळ भेटतात, पण आपली ही तयारी बदलली नाही तर कशात लपवता याला फारसा अर्थ राहत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

तेव्हापासून गोळ्या रात्री, ती पडवीत झोपल्यावर, पाकिटातून काढून ठेवायला लागले. दुसऱ्या दिवसाच्या तेवढ्याच, झाकणाच्या स्टीलच्या डबीत, कारण या औषधाला उजेड चालत नाही. परसदार उघडंच ठेवलं. स्वयंपाकघराऐवजी सकाळी फिरायला निघताना फाटकापाशी आणि संध्याकाळी परसात, असं करायला लागले. वेळही अर्धा तास मागे-पुढे. आणि बाळ ही हाक बंद.

लपवायला कलेजी सगळ्यांत चांगली ठरली. मीठ न घालता नुसत्या पाण्यात उकडलेली, कारण उकडल्यावर ती घट्ट होते आणि सुरीच्या टोकानं तिला खिसा पाडता येतो. तुकडा बोराएवढाच हवा. मोठा केला की कुत्रं तो चावतं, आणि चावलं की गोळी सापडलीच. लहान तुकडा ते सरळ गिळतं. कलेजी फार देऊ नये, जुलाब होतात आणि रोज भरपूर दिली तर अ जीवनसत्त्वही प्रमाणाबाहेर जातं. तिथेही लहान तुकड्याचा फायदाच.

सोमवारी आणि गुरुवारी आमच्या घरात मांसमच्छी शिजत नाही. त्या दिवशी रताळं. उकडलेलं रताळं कुस्करून त्यात भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट मळलं की मऊ, चिकट गोळा होतो, आणि तो दाताखाली न थांबता घशात उतरतो. आयतं पीनट बटर वापरणार असाल तर त्यात झायलिटॉल ही साखरेऐवजीची गोडी नाही ना हे वाचून घ्या, ती कुत्र्याला विषासारखी बाधते. चॉकलेट, मनुका आणि द्राक्षं यांतही गोळी देऊ नये. एका पाहुण्यांनी प्रेमानं मनुका सुचवल्या होत्या, म्हणून हे लिहिलं. बाकीच्या दिवशी कधी पाण्यात भिजवून, खारटपणा काढून पिळलेली सुकट रताळ्यात मळायचे. त्या वासापुढे गोळीचा वास तांबीलाही लागत नसावा.

सगळ्यांत महत्त्वाचं काम हातांचं आहे. ज्या बोटांनी गोळी धरली त्याच बोटांनी बाहेरचा तुकडा चेपला तर बाहेरही औषधाचा वास लागतो आणि कुत्र्याचं नाक तो सोडत नाही. म्हणून उजव्या हातानं गोळी खिशात सरकवायची, डाव्या हातानं तुकडा मिटवायचा, मग दोन्ही हात धुऊन पुसायचे. तुकडे चार. पहिला रिकामा, तो तिला चावून, चव घेऊन खाऊ द्यायचा. दुसराही रिकामा, जरा लगबगीनं. तिसऱ्यात गोळी, आणि तो तोंडात जायच्या आत चौथा तुकडा दुसऱ्या हातात तिच्या डोळ्यांसमोर धरलेला. चौथ्याच्या ओढीनं ती तिसरा गिळून टाकते. शेजारचा बोका कुंपणावर येऊन बसला असेल तर आणखीच झटपट. शेवटी वाटीभर कोंबडीचं पाणी, म्हणजे गोळी कोरडी राहत नाही.

दुपारी चहाच्या वेळी असेच तुकडे, पण सगळे रिकामे. यात मी कधीच खंड पडू दिला नाही. तुकडा म्हणजे गोळी असं तिच्या मनात बसलं असतं तर ही वाटही बंद झाली असती.

दुसरी गोष्ट, आण्णांच्या हातून गोळी एकदाही दिली नाही. त्यांनी स्वतःहून विचारलं होतं, "माझ्या हातचं ती खाईल, मी देऊ का?" आणि ते खरंच होतं. पिल्लू असताना नदीच्या काठावरून तिला त्यांनीच उचलून आणलं, तिचा सगळा जीव त्यांच्यावर. त्यांनी दिली असती तर सुरुवातीला नक्कीच सोपं गेलं असतं. पण मी त्यांना म्हटलं, "आण्णा, तुमचा हात तसाच राहू द्या. तिला घरात एक माणूस तरी असं हवं, ज्याच्याकडून औषध येत नाही." ते काही बोलले नाहीत, पण नंतर रोज माझं काम झालं की तिला हाक मारून शेजारी बसवायचे आणि पाठीवरून हात फिरवत राहायचे. ज्यांच्या घरी कुत्र्याचं औषध महिनोन्महिने, कधी जन्मभर चालतं, फिट्सवरच्या गोळ्यांसारखं, त्यांना मी हेच सांगेन. घरातला एक हात औषधापासून मोकळा ठेवा.

निम्मे दिवस झाल्यावर तांबी पूर्वीसारखी धावायला लागली आणि लोक विचारू लागले, आता कशाला गोळ्या? या तापात कुत्रं वरवर बरं दिसतं आणि जिवाणू आत दबून राहू शकतो. तसा राहिला तर पुढे काही कुत्र्यांत हाडांच्या मगजावर परिणाम होतो आणि मग रक्तच नीट तयार होत नाही. त्या अवस्थेतून कुत्रं वाचवणं फार कठीण. म्हणून पूर्ण दिवस भरायचेच, यावर मी कुणाशी वाद घातला नाही, फक्त गोळी देत राहिले.

मधे एका सकाळी रिकाम्या पोटावर गोळी गेली आणि तिला उलटी झाली. उलटीत गोळी तशीच दिसली. फोन केला, मॅडम म्हणाल्या, थोडं खाऊ घाला आणि तासाभरानं पुन्हा द्या. गोळी दिसली नसती तर स्वतःच्या मनानं दुसरी देऊ नका, आधी विचारा, हेही त्यांनी सांगितलं. त्या दिवसापासून आधी दोन घास भात, मग तुकडे.

औषध संपल्यावर रक्त तपासलं तेव्हा प्लेटलेट्स 2,35,000 होत्या. गोचीडतापाची किट तपासणी पुढे कितीतरी महिने पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण ती शरीरातली प्रतिपिंडं दाखवते, त्यामुळे तिच्याकडे पाहून घाबरायचं नाही, प्लेटलेट्सकडे पाहायचं, असं मॅडमनी बजावलं आहे.

गोचीड नुसते कुत्र्याच्या अंगावर नसतात. मादी भिंतीच्या फटींत हजारो अंडी घालते. आमची पडवी जुन्या दगडी बांधकामाची, ती सगळी रिकामी करून फटी सिमेंटनं बुजवून घेतल्या. तांबीचं गोणपाट जाळून टाकलं. गोचिडांसाठी महिन्यातून एकदा चघळायची गोळी असते, तिला मांसाची चव असते आणि ती तांबी स्वतःहून खाते. रात्री जेवणानंतर मी तिचा ओठ उचलते, सुळ्यामागे बोट ठेवते, क्षणभर तोंड उघडते आणि काहीही न घालता मिटते, वर एक रताळ्याचा तुकडा. सुरुवातीला ती मान काढून घ्यायची, आता बसून राहते. हा ताप पुन्हा होऊ शकतो, एकदा झाला म्हणून कायमचं संरक्षण मिळत नाही, म्हणून हे चालूच ठेवणार आहे. पुढची रक्ततपासणी दिवाळीनंतर आहे.